भिडेचा होकार

दोन्या बेनिल्दाच्या फाटकाला घंटा नव्हती. त्रेस रिओस गावाच्या वरच्या अंगाला, जुन्या कॉफीच्या मळ्यांच्या कडेने चढत जाणाऱ्या त्या गल्लीत कुणाच्याच फाटकाला नव्हती. कुणाकडे गेलं की बाहेर उभं राहून 'ऊपे' अशी लांब हाक द्यायची आणि आतून उत्तर येईपर्यंत तिथेच थांबायचं. कडीला हात लावायचा नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं सामान आत घेतलं की बेनिल्दा त्याला पुन्हा फाटकाबाहेर काढायची आणि ती हाक त्याच्याकडून घोकून घ्यायची. कॅनडाहून आलेला एक धिप्पाड पाद्री लाजून इतक्या हळू बोलला, की ती आतून म्हणाली, "मांजर आलंय वाटतं. आम्ही मांजरांना कॉफी देत नाही हो." मग तो असा ओरडला की कोपऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली.

खाली मोठ्या रस्त्याला लागून मिशनऱ्यांची भाषाशाळा होती. देशोदेशीची माणसं तिथे वर्षभर स्पॅनिश शिकत आणि मग होंडुरासला, पेरूला, कुठल्या कुठल्या वस्त्यांत देवाचं काम करायला निघून जात. व्याकरण शाळेत व्हायचं आणि माणसांत वावरायचं कसं ते बेनिल्दाच्या स्वयंपाकघरात. दुपारच्या तीनच्या कॉफीला कुणी आलं की हातातलं काम खाली ठेवायचं. कुणाकडे गेलं की आधी त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची, मग पावसाची, आणि आपलं काम अगदी निघता निघता, सहज आठवल्यासारखं सांगायचं. निरोपही एका दमात घ्यायचा नाही. खुर्चीतून उठताना घ्यायचा, दारात घ्यायचा, आणि फाटकापाशी तर पुन्हा नव्याने गप्पाच सुरू करायच्या. पोक्त बाईच्या नावाआधी मानाने 'दोन्या' लावायचं, आणि सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं. त्या भागात आई पोटच्या पोरीला 'तुम्ही' म्हणते, नवरा बायकोला म्हणतो, आणि बेनिल्दा दारातल्या कुत्र्यालाही, "तुम्ही जरा बाजूला सरा," असंच म्हणायची.

लग्नाआधी ती कार्तागोच्या टेलिफोन कचेरीत कामाला होती. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. नवरा, एव्हेलिओ, बस चालवायचा. त्यांना एकच मुलगी, मारिएलोस. ती न्यू जर्सीला गेली आणि तिकडे म्हाताऱ्यांच्या निवासात काम करत तिकडचीच झाली. तिची खोली रिकामी पडली तेव्हा एव्हेलिओनेच विद्यार्थी घरी ठेवायला भाषाशाळेत नाव दिलं. म्हणाला, "घरात कुणाच्या तरी चपला वाजायला हव्यात." पुढे त्याच्या चपलाही वाजायच्या थांबल्या, पण पाहुणे येत राहिले. एक गेला की चादरी उन्हात पडायच्या आणि दुसरा यायचा. जाताना प्रत्येक जण रडायचा. प्रत्येक जण म्हणायचा, तुम्ही माझी दुसरी आई. नाताळला कार्डं यायची, मग मोबाइलवर चित्रं यायला लागली, मग तीही दोन-तीन वर्षांत विरून जायची. बेनिल्दाला त्याचं फारसं काही वाटत नसे. टेलिफोन जोडून देणाऱ्या बाईने पुढचं संभाषण ऐकत बसायचं नसतं, हे ती तरुणपणीच शिकली होती.

आइनोचं मात्र तसं झालं नाही.

आइनो फिनलंडची. तिशीच्या आतबाहेरची, उंच, पांढुरक्या भुवयांची, आणि बोलण्यात सुरीसारखी सरळ. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दोन्या नोएमीने तिला जेवायला बोलावलं, कोंबडी घातलेला भात वाढला, पुन्हा वाढला आणि तिसऱ्यांदा डाव उचलला. आइनो म्हणाली, "नको." नुसतं 'नको'. नोएमीचा डाव हवेतच राहिला.

दुसऱ्या दिवशी नोएमी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "बेनिल्दा, तुमच्या त्या बाईने माझ्या भाताला तोंडावर नकार दिला हो."

"तिचं पोट भरलं असेल, नोएमी."

"माझंही रोज भरतं. म्हणून मी असं बोलते का? चार शितं पानात ठेवायची आणि म्हणायचं, काय सुरेख झालंय. नवऱ्याने तीस वर्षं हेच केलं."

त्याच महिन्यात शाळेने आइनोला गल्लीतल्या लोकांना बायबल वाचायला बोलवायचं काम दिलं. ती घरोघरी गेली, हाका घालून, कॉफी पिऊन आली, आणि संध्याकाळी लाल गालांनी सांगायला लागली की सगळे येणार आहेत. एकाही घराने नाही म्हटलं नव्हतं. रविवारी तिने शाळेच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, लिंबाचं सरबत केलं. कुणीही आलं नाही. घरी आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"ते खोटं बोलले," ती म्हणाली.

बेनिल्दाने कापडी गाळणीतून कॉफी ओतत म्हटलं, "खोटं कसलं, लेकी? तुम्ही त्यांच्या दारात गेलात. दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर 'नाही' आपटायचं? 'येतो' म्हणण्यात त्यांचं मन असतं. पाय नसतात, एवढंच."

"मग खरंच कोण येणार हे कळायचं कसं?"

बेनिल्दाला त्याचा विचार करावा लागला. आजवर कुणी तिला असं विचारलं नव्हतं, आणि तीही कधी असं शब्दांत मांडायला गेली नव्हती. "ज्याला यायचंय तो काहीतरी विचारतो," ती शेवटी म्हणाली. "किती वाजता, काय आणू, आजीला पायऱ्या चढवतील का. आणि ज्याला यायचं नाही तो म्हणतो, 'हो हो, मोठ्या आनंदाने, देवाच्या मनात असलं तर.' आणि मग कॉफीची तारीफ करतो."

आइनो म्हणाली, "सगळ्यांनी कॉफीची तारीफ केली होती." आणि दोघी हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी दोन माणसं एकदम हसली होती.

त्यानंतर वर्षभर आइनो बेनिल्दाच्या मागे मागे फिरली. सुतकाच्या घरी गेली, बाजारात गेली, बाळंतिणीला बघायला गेली. कुठे बोलावं, कुठे नुसतं बसावं, हे ती बघून बघून शिकली. जानेवारीत बेनिल्दाच्या घरी बाळाची जपमाळ झाली. नाताळात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शेवाळ, सुरूच्या फांद्या आणि रंगवलेला भुसा घालून गव्हाणी मांडतात. ती मोडण्याआधी, दोन फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत कधीतरी, शेजाऱ्यांना बोलावून बाळ येशूपुढे जपमाळ म्हणायची आणि सगळ्यांना जेवू घालायचं. त्याशिवाय बाळ गव्हाणीतून उचलत नाहीत. आइनो सुवार्तिक, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाची. मूर्तीपुढे प्रार्थना तिच्या मंडळीत चालत नाही. तिने आदल्या दिवशी बेनिल्दाला विचारलं, "मी नुसती मागे बसले तर चालेल?" आणि ती बसली. माळ घेतली नाही, क्रूसाची खूण केली नाही, पण नाताळची गाणी सुरू झाली तेव्हा गायली, आणि नंतर गुळाच्या गरम पाण्याचे पेले घेऊन घरभर फिरली. नोएमीनेही त्या दिवशी तिला भाताबद्दल क्षमा केली. जपमाळ सांगणारी म्हातारी दोन्या क्लेमेन्सिया जाताना म्हणाली, "या गोऱ्या पोरीला कुणीतरी नीट वाढवलंय." बेनिल्दाला ते आयुष्यभर पुरलं असतं.

ईस्टरनंतर आइनोला तुरियाल्बाकडे पाठवलं. कॉफी तोडणाऱ्या बायांमध्ये तिथे नवी मंडळी उभी राहत होती. तुरियाल्बा काही पेरू नव्हे. बस दोन तासांत येते, आणि येते तीही त्रेस रिओसवरूनच. बेनिल्दाने पहिल्यांदाच पाहुण्याची खोली तशीच ठेवली. चादरी धुतल्या, आणि पुन्हा त्याच पलंगावर घातल्या.

पण नवं कुणी त्या पलंगावर यायचंही नव्हतं. शाळेचा निरोप आला. विद्यार्थी आता आपापल्या देशात संगणकापुढे बसूनच बरंचसं शिकत, आणि थोडे दिवस येत त्यांना शाळेने स्वतःच्या खोल्या बांधल्या होत्या. आभाराचा एक छोटा समारंभ झाला, केक कापला. त्याच वर्षी दोन्या क्लेमेन्सिया गेली. समोरची दोन घरं विकली जाऊन तिथे पहारेकऱ्याची चौकी असलेल्या उंच इमारती आल्या. तिथे 'ऊपे' म्हणायची सोय नव्हती. पहारेकरी ओळखपत्र मागायचा.

नाताळ झाला. मारिएलोसचा फोन आला, तिला सुट्टी मिळाली नव्हती. गव्हाणीतलं शेवाळ सुकायला लागलं. जपमाळ करायची तर माणसं हवीत, आणि गल्लीत आता जेमतेम पाच घरं उरली होती. नोएमी म्हणाली, "वीस तारीख धरा. मी आहे, बेकरीवाले आहेत, तुमच्या एव्हेलिओचे ते दोघे बसवाले येतील. पोटापुरती माणसं होतील."

बेनिल्दाने त्याच दिवशी आइनोला फोन केला. वीस तारीख सांगितली. आइनो म्हणाली, "त्या दिवशी आमच्याकडे बाप्तिस्मे आहेत, दोन्या."

"मग पुढे ढकलू. तुम्ही सांगा, लेकी. अगदी शेवटच्या दिवशी, मेणबत्त्यांच्या सणाला?"

मग आइनोचा आवाज आला, गोड, गुळगुळीत, अगदी इथला. "हो, दोन्या. मोठ्या आनंदाने. देवाच्या मनात असलं तर नक्की. तुमच्या हातचा भात तर मी रोज आठवते."

फोन ठेवल्यावर बेनिल्दाच्या कानात तो सूर राहिला. तरुणपणी आवाज जोडून दिलेल्या बाईला आवाज कळतात. पण आइनो फिनलंडची होती. तिचं 'नको' नको असायचं आणि 'हो' हो असायचं, ते बेनिल्दाने वर्षभर पाहिलं होतं. इतर कुणी असं बोललं असतं तर तिने वीस तारीखच ठेवली असती. पोरगी सरळ आहे, तिने स्वतःला सांगितलं. सरळ माणसाच्या बोलण्यात आपल्या खोडी कशाला शोधायच्या?

नोएमीला तारीख बदलल्याचं कळलं तेव्हा ती कुंपणावर दोन्ही कोपर टेकून उभी राहिली.

"दोन तारखेला माझ्या लेकीकडे एरेदियाला जपमाळ आहे. बेकरीवाले पण तिकडेच यायचेत. हे तुम्हाला माहीत आहे."

"आइनोला त्याच दिवशी जमतंय."

"ती येते म्हणाली?"

"म्हणाली."

"काही विचारलं तिने?"

बेनिल्दाने मोगऱ्याच्या वेलाचं वाळलेलं पान तोडलं. "काय आणू म्हणून विचारलं," ती म्हणाली.

नोएमीने तिच्याकडे पाहिलं, आणि मग आपल्या गुडघ्यांविषयी बोलायला लागली.

दोन फेब्रुवारीला वारा सुटला होता. सकाळपासून डोंगरावरून येणारा कोरडा, धारदार वारा पत्रे वाजवत होता. बेनिल्दाने भात केला, निम्म्या गल्लीला पुरेल एवढा. अंडी-दुधाचं गोड रोंपोपे ढवळलं, गूळ किसून ठेवला, शेजारून खुर्च्या आणल्या. बसवाल्यांनी आधीच मोठ्या आनंदाने होकार दिला होता, तेव्हा ते येणार नाहीत हे ठरलेलंच होतं. चार वाजता बस येऊन गेली. पुढची बस पाचला. बेनिल्दा नवा पोशाख घालून, केसांना मागे फणी लावून दारात उभी राहिली. वळणावर बस थांबल्याचा आवाज आला, दरवाजा उघडून बंद झाल्याचा आवाज आला, आणि मग गल्लीच्या तोंडाशी एक बाई दिसली. ती इमारतीच्या चौकीकडे वळली.

आणखी एका बसची तिने वाट पाहिली. वाट पाहताना आइनोच्या त्या बोलण्यातला शब्द न् शब्द तिने पुन्हा ऐकला, आणि या वेळी तिला खोडी शोधाव्या लागल्या नाहीत. तिने शिकवलं होतं तसंच सगळं होतं. आधी होकार, मग देव, मग भाताची तारीफ. पोरीने एकही पायरी गाळली नव्हती. साधा नकार आला असता तर बेनिल्दा भांडली असती, रडली असती, निदान वीस तारीख धरून चार माणसं तरी घरात आणली असती. पण असल्या होकाराला उत्तर नसतं. भात शिजवणं तेवढं हातात असतं.

अंधार पडायच्या आत तिने मेणबत्त्या लावल्या. बाळाला तसंच गव्हाणीत ठेवून चालणार नव्हतं. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत ती बसली, माळ हातात घेतली आणि क्लेमेन्सिया घ्यायची तसा सूर लावला. "नमो मरिये, कृपापूर्णे..." अर्धी प्रार्थना सांगणाऱ्याने म्हणायची आणि उरलेली अर्धी घराने. जन्मभराच्या सवयीने ती मध्ये थांबली. वाऱ्याने पत्रा वाजवला. मग तिनेच खालच्या आवाजात उत्तर दिलं, "पवित्र मरिये, देवाच्या माते..." आणि पुन्हा वरच्या सुरात सुरुवात केली. प्रत्येक मण्यावर ती थांबत राहिली. तिला ते थांबणं सोडता येईना. गाणी तिने गायली नाहीत. गाणं एकटीने म्हटलं असतं तर जरा जास्तच झालं असतं. शेवटी तिने मेणाचं बाळ उचललं, कापसात गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. भाताचं पातेलं तसंच झाकून ठेवलं.

सकाळी मोबाइलवर आइनोचा निरोप होता. सभा लांबली, बस चुकली, मन मात्र पूर्ण वेळ तुमच्याकडेच होतं, बाळाची जपमाळ छान झाली असणार. खाली फुलांचं चित्र होतं.

या निरोपाचं उत्तर गल्लीतल्या लहान पोरालाही पाठ असतं. काही हरकत नाही, लेकी, घर भरलेलं होतं, तुमची आठवण काढली सगळ्यांनी. बेनिल्दाने ते मनात म्हणून पाहिलं. मग चष्मा काढून ठेवला आणि नंबर लावला.

"दोन्या," आइनो म्हणाली, "मला इतकं वाईट वाटलं, सभा..."

"कुणीच आलं नाही," बेनिल्दा म्हणाली. "मी तारीख तुमच्यासाठी बदलली. म्हणून बाकीचेही आले नाहीत. मी एकटीनेच जपमाळ म्हटली."

तिच्या स्वतःच्याच कानाला ते उघडंवाघडं वाटलं, जणू पोशाख न घालता दारात येऊन उभी राहिलीय. पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

मग आइनो बोलली. या वेळी आवाजातला गोडवा गेला होता आणि तिच्या देशाचा जुना खरखरीतपणा परत आला होता. "मी येऊ शकत नाही, दोन्या. काल नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. इथल्या बायांनी माझ्या सांगण्यावरून गव्हाण्या मांडणं सोडलं. एकीला त्यापायी सासूने घराबाहेर काढलं. ती रोज माझ्या पायरीवर येऊन बसते. मी तुमच्याकडे येऊन जपमाळेला बसले हे तिला कळलं, तर तिला काय सांगू?"

"गेल्या वर्षी तर बसला होतात."

"गेल्या वर्षी मी कुणाचीच नव्हते."

बेनिल्दा टेबलापाशी बसली. पातेल्यावरचं झाकण तिने सरळ केलं, ते आधीच सरळ होतं. "हे तुम्ही जानेवारीतच सांगायचं होतं."

"तुम्हाला नाही म्हणायला तोंड उघडेना," आइनो म्हणाली. "पूर्वी उघडायचं."

आता खरं तर बेनिल्दाने विषय गुडघ्यांवर न्यायला हवा होता, वाऱ्यावर न्यायला हवा होता. दोघींची लाज राहिली असती. तिने नेला नाही.

"तुम्ही रागावलात का माझ्यावर?" आइनोने विचारलं.

गल्लीत गॅसची गाडी चढत होती, तिची घंटा जवळ आली आणि वरच्या वळणाकडे लांब गेली.

"हो," बेनिल्दा म्हणाली. "रागावलेय."

आइनोने क्षमा मागितली नाही. सभेचं नाव काढलं नाही, कॉफीचं नाही. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. कार्तागोच्या कचेरीत अशी शांतता झाली की समजायचं, बोलणं संपलं, आणि हाताने सवयीने तार ओढून काढायची. बेनिल्दाने हात टेबलावर ठेवला. पलीकडून कुणी फोन ठेवला नाही, आणि तिनेही ठेवला नाही.